पाणी प्यालेल्या झाडांवरचे डाग

टोक

"डावीकडे घे! अजून! वीरू, डावीकडे म्हणजे ज्या हातानं जेवत नाहीस तो हात!"

"मी दोन्ही हातांनी जेवतो!"

"दिसतेच ना ते, तुझं पोट पाहून," रत्नमाला म्हणाली आणि तिनं वीरूच्या हातातली आकडी ओढून घेतली. लांब बांबू, टोकाला वाकडा खिळा. खिळा ऐनाच्या डहाळीत अडकला. एक हिसका! डहाळी तुटली आणि पांढऱ्या दगडांच्या रांगेच्या अलीकडे येऊन पडली.

अलीकडे पडली हे महत्त्वाचं. पलीकडे पडली असती तर तिला हात लावता आला नसता.

मांडवटोल्यात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या ऐनाच्या झाडांवर चढवल्या, की बनाभोवती पांढरे दगड मांडले जातात. कोसे उतरेपर्यंत दगडांच्या आत फक्त राखणदार जाणार. तो आतल्या झोपडीतच राहणार, एक वेळ जेवणार, पाखरांवर गोफण चालवणार. आणि तो पुरुष असणार. असं मांडवटोल्यात कधीपासून चालत आलं आहे, ते कुणालाच ठाऊक नाही.

गुंजनची सत्यभामामावशी सगळे नियम पाळत होती. एकच तिला पाळता येण्यासारखा नव्हता.

गेल्या वर्षी तिचे यजमान पुंडलिकराव मोहाच्या झाडावरून पडले आणि त्यांची कंबर कामातून गेली. तेव्हा गोफण मावशीनं उचलली. पहिलं वर्ष कसंबसं निभावलं. यंदा पोळ्यानंतर पावसाचा थेंब नाही, धानाच्या लोंब्या पोचट निघालेल्या, आणि आता हे.

गुंजननं डहाळीवरचं एक पान खुडलं. टोकाला ते छान हिरवं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय झालंय या झाडाला? काहीच तर नाही!

"नीट पाह," रत्नमाला म्हणाली. "सोमवारी आरा येऊन राहिला. मंग पाहायले काहीच राहणार नाही."

कड

दिवाळीच्या सुट्टीला भंडाऱ्याहून आल्यावर गुंजनच्या कानावर पहिली बातमी पडली ती हीच. उपसरपंच भैय्याजींनी पंचायतीत सांगितलं होतं, की बनात रोग शिरला आहे. गावभर पसरण्याआधी तोडून टाका. बन गावच्या सामाईक जमिनीवर होतं. रविवारी सभा, सोमवारी झाडं कापायचा आरा. मोकळी झालेली जागा भैय्याजींचे ट्रक उभे करायला कामी येणार होती, पण ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं.

"रोग आला कसा?" गुंजननं विचारलं होतं.

"कसा म्हणजे?" पुंडलिकराव बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले. "लोक म्हणतात, बाईनं बनात पाय ठेवला. काही म्हणतात, तिनं झाडायले पाणी पाजलं, त्या पाण्यात काही होतं."

"आणि तुम्ही काय म्हणता मावसाजी?"

पुंडलिकरावांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "मी छपराकडे पाहतो, बाई. दुसरं काय करतो?"

म्हणून ही तिघं सकाळपासून दगडांच्या बाहेर बाहेर फिरत होती. तेरा वर्षांची गुंजन, तिचा नऊ वर्षांचा भाऊ वीरेंद्र ऊर्फ वीरू, आणि गावातली रत्नमाला, जिला कुठल्याही झाडाची कुठलीही डहाळी आकडीनं पाडता येत असे.

वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, कोरडी झाडं होती. त्यांच्या पानांच्या कडा करपलेल्या, आत वळलेल्या. हाताला कुरकुरीत लागत, पापडासारख्या. पण मधलं पान साफ!

खालच्या अंगाला, बोडीच्या काठाशी, मावशीनं पाणी घातलेली झाडं होती. बोडी म्हणजे गावचं छोटं तळं. तिचा बनाकडचा काठ दगडांच्या आतच येत होता. तिच्यात तळाशी उरलेलं पाणी मावशी घागरींनी वाहत होती, रोज, बिनबोलता. या झाडांच्या कडा करपल्या नव्हत्या. पण...

"म्हणजे पाणी नाही मिळालं ती बरी," वीरू म्हणाला, "आणि पाणी मिळालं ती आजारी? हे उलटं आहे!"

उलटंच होतं. गावानं मावशीवर बोट ठेवलं होतं ते याच उलट्यामुळे.

वरची बाजू

ठिपके.

टाचणीच्या डोक्याएवढे, तांबूस, काळपट. पानाच्या वरच्या बाजूला दाट पेरलेले. शिरांवर एकही नाही, शिरांच्या मधल्या जागेत सगळे. जुन्या, मोठ्या पानांवर जास्त, शेंड्याच्या कोवळ्या पानांवर थोडे. पान उलटं केलं की खालची बाजू जवळजवळ स्वच्छ.

"अवो पोरीहो!" झाडांमधून मावशीचा आवाज आला. ती दगडांपर्यंत आली आणि आतच थांबली. हातात गोफण, डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. तिच्या तळहातावर एक कोशाची अळी होती. बोटाएवढी जाड, हिरवीगार, आणि अगदी निपचित.

"मेली?" वीरूनं विचारलं.

"नाही अजून. पान सोडून खाली उतरून राहिल्या. खाऊनच नाही राहिल्या." मावशीनं अळीला बोटानं हळूच कुरवाळलं. "भुकेनं मरतीन, पण हे पान नाही खाणार."

"मावशी, तू पाण्यात काही टाकलं होतंस का? खत, औषध, काहीही?"

विचारल्या विचारल्या गुंजनला स्वतःचीच लाज वाटली. पण मावशी रागावली नाही. तेच जास्त वाईट होतं.

"तू पण विचारलंस?" ती एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "विचार. विचारलंच पाहिजे. नाही टाकलं, गुंजन. झाडं तहानलेली दिसली, पाजलं. बस." आणि वळून जाता जाता म्हणाली, "बन गेलं तं मी काय तोंड दाखवू तुझ्या मावसाजीले? त्याच्या बापाची राखण आहे ही."

रत्नमालेनं एक ठिपकेदार पान खुडून उन्हात धरलं.

"चाल माझ्या घरी," ती म्हणाली. "आमच्या मोरीवर वालाचा वेल आहे. त्याची पानं मी चार दिवसांपासून पाहून राहिली. तेव्हा वाटलं, असंच काही असन."

रत्नमालेच्या घरामागं मोरीचं पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यावर वालाचा वेल तरारला होता. गुंजननं एक पान उन्हात धरलं.

ठिपके! तसेच! वरच्या बाजूला! शिरांच्या मध्ये!

"हे पाणी कुठलं?"

"हापशीचं. भांडी घासलेलं. बोडीचं नाही!"

"आणि तुमच्या मोरीत मावशीनं पाय ठेवला होता का?" वीरूनं गंभीर चेहरा करून विचारलं.

रत्नमाला खळखळून हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी हसत होतं.

पाणी वेगळं, झाड वेगळं, डाग एकच. म्हणजे डाग पाण्यातून आलेला नव्हता.

मग कुठून?

पानावर पान

या प्रश्नाचं अर्धं उत्तर वीरूनं दिलं, आणि तेही चुकून.

तो डहाळीवरची पानं एकेक करून वर करत होता. का, तर त्याला एखादी अळी सापडायला हवी होती. एकदम तो ओरडला, "ताई, या पानावर दुसऱ्या पानाचा फोटो आहे!"

"काही बोलू नको वीरू."

"बघ तर!"

दोन पानं एकावर एक आली होती. वरच्या पानानं खालच्या पानाचा काही भाग झाकला होता. आणि खालच्या पानावर, नेमका तेवढा भाग, त्याच वळणाचा, त्याच टोकाचा, स्वच्छ हिरवा होता. बाजूला ठिपकेच ठिपके. सावली पडली होती तिथं डाग नव्हता.

गुंजननं वरचं पान परत त्या हिरव्या भागावर ठेवून पाहिलं.

"ऊन," ती पुटपुटली. "हे उन्हाबरोबर येतं. हवेतून."

"ऊन तं कोरड्या झाडावर पण पडते," रत्नमाला म्हणाली. "अजून जास्त पडते."

ते खरंच होतं. पण हवेत काही असलं, तर ते येणार कुठून? वारा उगवतीकडून वाहत होता. उगवतीला भैय्याजींचं आवार होतं. चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, वजनकाट्याशेजारी. तिथं ट्रकांची रांग लागलेली असे आणि एकाही ट्रकाचं इंजिन बंद नसे.

"बंद काहून नाही करत, काका?" रत्नमालेनं पहिल्याच ड्रायव्हरला विचारलं.

"बॅटऱ्या बसल्या सगळ्यायच्या. बंद केला का धक्का माराले तू येशीन?" ड्रायव्हर हसला. "मालक म्हणते, चालू ठेवा. उतरू नका, विझवू नका."

आवाराच्या मागं कुणीतरी टायर आणि धानाचं ओलसर तणस पेटवून दिलं होतं. धूर सरळ वर जाऊन मग पश्चिमेला, बनाच्या दिशेनं, लवत होता.

"सापडलं!" वीरू नाचायला लागला. "धूर! सापडला चोर!"

पण गुंजन नाचली नाही. आवाराच्या कुंपणालाच ऐनाची झाडं होती. ट्रक धुतात ते पाणी त्यांच्या मुळाशी मुरत होतं. म्हणजे पाणीही होतं आणि धूर तर नाकातोंडात जात होता. रत्नमालेनं आकडी टाकली, डहाळी पाडली.

धुळीनं माखलेलं पान गुंजननं फ्रॉकला पुसलं.

ठिपके जवळजवळ नव्हतेच.

वीरूचा नाच थांबला. धुराजवळचं झाड बरं, धुरापासून लांबचं झाड आजारी. तहानलेलं बरं, पाणी प्यालेलं आजारी. या गावात सगळं उलटंच होतं की काय!

खालची बाजू

गुंजननं पानांचे फोटो काढले आणि भंडाऱ्याला आपल्या विज्ञानाच्या उषा मॅडमना पाठवले. वरची बाजू, खालची बाजू, सावलीचं पान, करपलेली कड, आवाराजवळचं साफ पान. थोड्या वेळात फोनच आला.

"गुंजन, कोवळ्या पानांवर ठिपके कमी आहेत का?"

"हो मॅडम."

"शिरांवर?"

"एकही नाही!"

पलीकडे मॅडमनी मोठा श्वास घेतला. "हे सगळं ओझोनशी जुळतं."

"पण मॅडम, ओझोन तर चांगला असतो ना? वर आकाशात असतो, आपल्याला वाचवतो."

"मीठ भाजीत चांगलं. डोळ्यांत गेलं तर?" मॅडम म्हणाल्या. "वर आहे तोवर तो छत्री आहे. खाली, श्वासाच्या उंचीवर आला की तो पानांना आतून भाजतो. आणि खाली तो कुणी आणून सोडत नाही, तो इथंच तयार होतो. इंजिनातून, जाळातून वायू निघतात. त्यांना ऊन शिजवतं."

"शिजवतं?"

"ऊन म्हणजे चूल समज. धूर निघतो तेव्हा कच्चा असतो. वाऱ्याबरोबर पुढे जाता जाता तो शिजतो. अगदी धुराजवळ तर तोच कच्चा धूर ओझोनला खाऊनही टाकतो."

"म्हणून आवाराजवळची झाडं बरी!" गुंजन ओरडलीच.

"थांब. एक लक्षात ठेव. सगळा दोष एका आवाराचा म्हणू नकोस. ही हवा शहरांकडूनही येते, फार लांबून. आणि खात्रीनं सांगायचं तर यंत्रानं मोजावं लागेल. ती खटपट मी करते."

"पण मॅडम, आमची सभा उद्याच आहे! आणि फक्त पाणी दिलेल्याच झाडांना का?"

"पान ज्या बाजूनं स्वच्छ दिसतंय ना, त्या बाजूला काय असतं ते आठव," मॅडम म्हणाल्या. "मग मला तूच सांग."

फोन बंद झाला. तिघं रस्त्याच्या कडेनं घराकडे निघाली. मागून एक ट्रक आला. काळा, गरम धूर.

"तोंड बंद कर!" गुंजननं वीरूच्या तोंडावर हात ठेवला. तिनंही श्वास धरला. रत्नमालेनं ओढणीत नाक खुपसलं. ट्रक गेला. वीरू हात झटकून म्हणाला, "किती वेळ बंद ठेवू? मरीन ना मी!"

गुंजन रस्त्यातच थबकली.

पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं असतात. डोळ्यांना न दिसणारी.

झाडाला हवा हवी. म्हणून तोंड उघडायचं.

तोंड उघडलं की आतलं पाणी उडतं.

पाणी नसलं की झाड तोंड मिटून घेतं. मग विषारी हवा आत जात नाही. पण मग चांगलीही जात नाही. झाड उपाशी राहतं, कडेकडेनं करपत जातं.

पाणी मिळालं की झाड विश्वासानं तोंड उघडतं.

आणि मावशीनं पाणी दिलं होतं.

गुंजन रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तिला रडू आलं, आणि कुणासाठी ते तिला नीट कळेना. टेकडीवरच्या मिटलेल्या झाडांसाठी, की बोडीवरच्या उघड्या तोंडाच्या झाडांसाठी, की रोज घागरी वाहणाऱ्या मावशीसाठी.

"ताई," वीरू हळूच म्हणाला. "मी काही केलं का?"

"तू सगळं शोधलंस, वेड्या."

"मग रडतेस कशाला?"

शिरा

"शिरा?" हा वीरूचा आवाज होता. सभेला शिरा केला आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"नाही केला. गप बस," रत्नमाला कुजबुजली. तिच्या मांडीवर पिशवी होती. सकाळी ती एकटीच कुठंतरी जाऊन आली होती. कुठं, ते गुंजनला ठाऊक होतं. इतरांना कळायला अजून अवकाश होता.

रविवारी समाजमंदिरासमोर माणसं बसली होती, मागं भैय्याजींचे ड्रायव्हरही उभे होते. सरपंच कौशल्याबाई खुर्चीवर, शेजारी भैय्याजी. पुंडलिकरावांना बाजेसकट आणलं होतं. मावशी नव्हती. अळ्या झाडावर असताना तिला दगडांबाहेर पडता येत नव्हतं. ज्या सभेत तिचा निकाल लागणार होता, त्याच सभेला ती येऊ शकत नव्हती.

"बोलून बोलून काय होते?" भैय्याजी म्हणाले. "जिथं पाणी देल्लं तिथंच रोग! अजून काय पुरावा पायजे? उद्या आरा येते. संपलं!"

"मला विचारायचं आहे," गुंजन उभी राहिली.

"तू कोण वं?"

"सत्यभामाबाईची भाची. भैय्याजीकाका, तुम्ही ते पाण्याचं विष पान बघून ओळखाल?"

"आंधळा आहो का मी? लांबून ओळखतो."

रत्नमालेनं पिशवीतून दोन डहाळ्या काढल्या. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. दोन्ही ऐनाच्या. भैय्याजींनी दोन्हींवर नुसती नजर टाकली, आणि लाल दोऱ्याची डहाळी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली.

"पाहा! पाहा कसं चाळणीवानी झालं! हे बोडीकाठचं. जिथं त्या बाईनं पाणी ओतलं!"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

"अरे भैय्या," बायकांमधून एक म्हातारा आवाज आला. भैय्याजींच्या आई, रत्नाबाई, काठी टेकत उठल्या. "ते तं आपल्या दारातलं येनाचं झाड आहे. तुह्या बाबानं लावलेलं. सकाळी या पोरीले म्याच आपल्या हातानं तोडून देल्लं!"

सगळ्या माना भैय्याजींकडे वळल्या.

"पाणी कोण घालते त्याले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"मी घालतो ना, रोज. घरच्या बोरचं. दुसरं कोण घालीन?" रत्नाबाई म्हणाल्या.

भैय्याजींचं घर बनाच्याही पलीकडे, गावाच्या मावळतीच्या टोकाला होतं. त्यांनी डहाळी खाली केली. एकदा आईकडे पाहिलं, एकदा पानाकडे.

"बाईनं पाय ठेवला म्हणून बन आजारलं," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग भैय्याजी, तुमच्या दारात कोणं पाय ठेवला?"

आता मात्र हशा उसळला. पण गुंजन हसली नाही. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. ठिपके, सावलीचं पान, वालाचा वेल, खालच्या बाजूची तोंडं. सावलीचं पान हातोहात फिरलं. एका म्हाताऱ्यानं ते उन्हात धरलं आणि मान हलवत राहिला.

"थांब, थांब!" भैय्याजी सावरले. "माह्या ट्रकाचा धूर म्हणतेस? मंग माह्या आवाराजवळची झाडं कशी चांगली? जळतं घर सोडून जाळ शेजारी जाते का?"

गुंजननं पांढऱ्या दोऱ्याची डहाळी उचलली. "ही तुमच्या आवाराजवळची. म्हणूनच आणली, काका. तिथं धूर कच्चा असतो. ऊन त्याला वाटेत शिजवतं. तो तयार होतो तोवर बनावर पोचलेला असतो. आणि मग तुमच्या घरावर." ती थांबली. "सगळं तुमच्यामुळेच होतं असं नाही. लांबूनही येतं. आमच्या मॅडम यंत्र घेऊन मोजायला येणार आहेत. पण लांबचं आपल्या हातात नाही. जवळचं आहे."

मग रत्नाबाईच बोलल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"तुहा बाप, हिरालाल, पुंडलिकच्या बापासंग पाळीपाळीनं याच बनात राखण करे, भैय्या. विसरला? कोसे उतरवून घरी येई तं तू त्याच्या खांद्यावरून उतरे नाही. बन दूर पडते म्हणून म्हातारपणी दारात येन लावलं त्यानं. मले म्हणे, याले तहानलं ठेवू नको. तवापासून मीच पाजतो. आता तूच सांग, पाजू का नको?"

भैय्याजींनी डहाळी आईच्या हातात परत दिली. खोडसाळ माणूस नव्हता तो. फक्त मागं वळून पाहायचं त्याचं राहून गेलं होतं, एवढंच.

"पाज, माय," ते म्हणाले. "आरा नाही येणार. सांगतो मी त्यायले." मग ड्रायव्हरांकडे वळून, एकदम खेकसून, "अन् तुम्ही काय पाहता? रांगेत उभा ट्रक बंद म्हणजे बंद! बॅटऱ्या मी बदलवतो. तोवर धक्का मारा!"

"तणस बी जाळाचं नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "कोणाचंच. माह्या शेतातलं पण नाही. ढोरायले होते ते." त्या खुर्चीवरून उठल्या आणि तिघांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "पोट्ट्याहो, आम्ही साऱ्यायनं झाडं पाहिली. पान उलटून पाहणारे तुम्हीच निघाले. गावाची चूक व्हायची वाचवली तुम्ही."

पुंडलिकरावांनी बाजेवरून हात लांब केला आणि गुंजनचा हात धरला. छपराकडे न पाहता.

"जा," ते म्हणाले. "तिले सांगून ये. दगडाजवळून हाक मार. पळत जा!"

देठ

सुट्टी संपत आली तेव्हा दुपारी आवारातून आवाज येत नव्हता. मधेच "हुश्शा!" असा ओरडा ऐकू येई. ड्रायव्हर लोक ट्रकाला धक्का मारत असत आणि वीरू सगळ्यात पुढे असे.

पण गोष्ट अशी संपत नाही की झाडं लगेच बरी झाली. बोडीकाठची बरीच पानं गळून पडली. टेकडीवरची दोन झाडं पुढच्या पालवीला जागी होतील की नाही, ते मावशीलाही सांगता येत नव्हतं. अळ्याही पुष्कळ गेल्या. उषा मॅडमनी फोनवर सांगितलं, की डाग पडलेलं पान पुन्हा नितळ होत नाही. नव्या पानाची वाट पाहावी लागते.

"मग पाणी द्यायचं की नाही?" गुंजननं विचारलं होतं.

"द्यायचंच," मॅडम म्हणाल्या होत्या. "झाडाला तोंड मिटायला लावून वाचवायचं नसतं. तोंड उघडावं अशी हवा ठेवायची असते."

निघायच्या दिवशी तिघं दगडांपाशी उभी होती. मावशी आतून आली. तिनं गुंजनकडे पाहिलं, रत्नमालेकडे पाहिलं, वीरूकडे पाहिलं. मग वाकली आणि एक पांढरा दगड उचलून बाजूला ठेवला.

"हात धुऊन या आत. तिघंही."

"पण मावशी, नियम..."

"मांडला माणसानंच ना? मंग माणूसच सरकवते. या."

बनात पाचोळा पायाखाली वाजत होता. मावशीनं एक डहाळी हळूच खाली वाकवली. मधल्या रांगेतलं झाड होतं, थोडं करपलेलं, थोडं डागाळलेलं. डहाळीवर एक अळी डोकं हलवत काम करत होती. तिनं रेशमाचं कडं फांदीभोवती गुंडाळलं होतं, आणि त्या कड्यापासून एक काळसर, घट्ट देठ खाली उतरत होता. कोसा अजून झालाच नव्हता. नुसता देठ.

"आधी घर का नाही बांधत ती?" वीरूनं कुजबुजत विचारलं.

"आधी फांदीले धरते," मावशी म्हणाली. "घट्ट. वारा येवो, वादळ येवो, सुटली नाही पायजे. मंग घर."

गुंजननं बोट पुढं केलं आणि त्या देठाला अगदी हलकेच लावलं. तो तारेसारखा टणक होता. वर, फांदीच्या टोकाला, एकच कोवळं पान हललं.

तिनं ते उलटून पाहिलं नाही. असू दे, म्हणाली, त्याला श्वास घेऊ दे.